फळ सोडायचं, परिणाम नाही



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक २३ ते २५.

या तीन श्लोकांत भगवंत कर्माचे तीन प्रकार सांगतात. पहिलं सात्त्विक: आसक्ती नाही, राग-द्वेष नाही, फळाची इच्छा नाही. दुसरं राजस: मोठा खटाटोप, मोठा अहंकार, 'मला काय मिळणार' यावर नजर. तिसरं तामस. हे श्लोक मी बऱ्याचदा वाचलेत आणि दरवेळी तिसऱ्यावरून झर्रकन पुढे गेलोय. तामस म्हटलं की डोळ्यांसमोर दारू, आळस, भांडणं असं काहीतरी येतं. आपण रोज वाचन करणारी माणसं, आपला काय संबंध?

या दिवाळीत कळलं की संबंध आहे. पारनेरला मामांच्या शेडमध्ये मी एक काम केलं होतं. इतके दिवस ते मी मनातल्या मनात तेविसाव्या श्लोकात टाकलं होतं. प्रत्यक्षात ते पंचविसाव्यात निघालं. आज तेच लिहितोय. लिहायला जड जातंय, म्हणूनच लिहितोय.

मामांचं सुतारकाम. पारनेर गावाला लागूनच पत्र्याची शेड आहे, दारं-खिडक्या-पलंग करतात. मामा माळकरी. पिंपळनेर आमच्याच तालुक्यात, त्यामुळे निळोबारायांच्या पालखीबरोबर त्यांची वारी ठरलेली. शेडमध्ये मामा आणि हाताखाली एक पोरगा, वय एकोणीस-वीस. आणि एक रंधा-कटर मशीन: वर लोखंडी टेबल, मधून करवतीचं गोल पातं बाहेर आलेलं, खाली दोन हॉर्सपॉवरची सिंगल फेजची मोटर. भिंतीवर स्टार्टर. हिरवं बटण चालू, लाल बटण बंद.

गणपतीत दोन दिवस गेलो होतो. मामा वैतागलेले. हिरवं बटण दाबून धरलं तर मोटर चालायची, बोट काढलं की बंद. एका लग्नघरचा पलंग द्यायचा होता, हातात तीन दिवस. मामा म्हणाले, "तू इंजिनिअर ना? बघ की जरा."

मी कॉम्प्युटर इंजिनिअर. मोटरशी माझा शेवटचा संबंध पहिल्या वर्षाच्या लॅबमध्ये आला होता. पण 'बघ की' म्हटल्यावर नाही म्हणायला जीभ वळली नाही. मेन स्विच पाडला, झाकण उघडलं, आत पाहिलं, फारसं कळलं नाही. मग स्टार्टरमधून जाणाऱ्या दोन्ही वायरी बाहेर काढल्या आणि एकमेकींना जोडून टेप मारली. आपल्याकडे याला शब्द आहे: डायरेक्ट केलं. आता मशीन भिंतीवरच्या मेन स्विचच्या दांड्यावर चालू-बंद व्हायचं. दांडा वर, मोटर चालू. दांडा खाली, बंद. मामा खूश. पलंग वेळेत गेला. "स्टार्टर नंतर बदलून घ्या," असं म्हणून मी संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला आलो.

परतताना मला फार बरं वाटत होतं. पैसे घेतले नव्हते, कौतुकाची अपेक्षा नव्हती. एका घरात लग्नाचा पलंग वेळेवर पोचणार होता. निष्काम सेवा म्हणजे हेच की!

पुढे खंडेनवमी आली. मामांनी मशीन धुतलं-पुसलं, हळदी-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. फॅमिली ग्रुपवर फोटो आला. माळेच्या मागे, भिंतीवर, काळ्या टेपनं गुंडाळलेल्या माझ्या वायरी स्पष्ट दिसत होत्या. मी खाली हात जोडल्याचं चिन्ह टाकलं आणि पुढच्या मेसेजकडे वळलो.

दिवाळीत गेलो तेव्हा भुसा झाडायच्या ब्रशला नवी मूठ दिसली. सहज विचारलं. मामा म्हणाले, "ते व्हय, जुनी तुटली."

"कशानं?"

मग सगळं बाहेर आलं. खंडेनवमीनंतर आठवड्याभरानं काम चालू असताना लाईट गेली. पातं फिरत फिरत थांबलं. लाईट गेल्यावर करायचं ते काम पोरानं केलं: पात्याभोवती साचलेला भुसा काढायला घेतला. मेन स्विचचा दांडा वरच होता. दहा-पंधरा मिनिटांनी लाईट आली आणि मशीन आपोआप सुरू झालं. ब्रशची लाकडी मूठ कापली गेली. हात मुठीच्या मागे होता. चार बोटं अंतर.

मामा म्हणाले, "माउलीची कृपा. वाचलं पोरगं."

कृपा होतीच, यात मला शंका नाही. पण कृपा म्हणून हात जोडले आणि विषय मिटला, असं करायला माझं मन तयार होईना. कारण मधल्या काळात मी घरी येऊन वाचलं होतं की ते हिरवं बटण नेमकं करतं काय. ते तुम्हालाही सांगतो. श्लोकाचा अर्थ मला तिथेच लागला.

स्टार्टरच्या आत एक कॉइल असते. हिरवं बटण दाबलं की कॉइलमधून वीज जाते, ती चुंबक होते आणि लोखंडी पट्टी ओढून घेते. पट्टी ओढली गेली की मोटरची वाट जोडली जाते. त्याच वेळी हिरव्या बटणाला समांतर असलेला एक छोटा संपर्क जुळतो. त्यामुळे बोट काढलं तरी कॉइलला वीज मिळत राहते. लाल बटण दाबलं की ही वाट तुटते, स्प्रिंग पट्टीला मागे ढकलते, मोटर बंद.

आता लाईट गेली तर? कॉइलमधलं चुंबकत्व जातं, पट्टी सुटते, छोटा संपर्कही सुटतो. लाईट परत आली तरी काहीच होत नाही, कारण बटणही सुटलेलं आणि संपर्कही सुटलेला. कुणीतरी माणूस येऊन, बघून, पुन्हा हिरवं बटण दाबेल तेव्हाच मशीन फिरणार. म्हणजे वीज आली एवढं त्याला पुरत नाही, माणूस हजर असावा लागतो. प्रत्येक वेळी नवा संकल्प.

मी 'डायरेक्ट' केलं तेव्हा वायर जोडली एवढंच मला दिसत होतं. प्रत्यक्षात मी तो संकल्पच काढून टाकला होता.

गावाकडे ही गोष्ट आणखी निसटते, कारण शेतातल्या पंपाला लोक मुद्दाम 'ऑटो' बसवतात. रात्री कधीही लाईट आली की पंप आपला आपण सुरू व्हावा, शेतकऱ्याची झोपमोड होऊ नये. विहिरीतल्या पंपासमोर सहसा कुणाचा हात नसतो, तिथे ती सोय. करवतीच्या पात्याला तीच गोष्ट केली की सोयीचा सापळा होतो. वायरींची जोडणी सारखीच, तिच्यासमोर कोण उभा आहे यावर तिचं पाप-पुण्य ठरतं.

आता पंचविसावा श्लोक. भगवंत तामस कर्म कशाला म्हणतात? जे मोहातून सुरू केलं जातं आणि सुरू करताना चार गोष्टींकडे पाहिलं जात नाही, त्याला. पुढे काय होईल, काय नासेल, कुणाला इजा होईल आणि आपला वकूब काय, या त्या चार गोष्टी. माझ्या कामाला हे लावून पाहिलं.

पुढे काय होईल? गीतेतला शब्द 'अनुबंध' आहे. कर्माच्या मागोमाग बांधलेलं जे येतं ते. मी पुण्याच्या गाडीत बसलो तेव्हा माझ्यापुरतं काम संपलं होतं. टेपमागे बांधलेलं सगळं तिथेच राहिलं होतं.

काय नासेल? स्टार्टरमध्ये जास्त भार आल्यावर मोटर बंद पाडणारा ओव्हरलोडही असतो. तोही माझ्या टेपनं बाजूला पडला होता. मोटर जळाली असती तर मामांचा महिन्याचा धंदा गेला असता.

कुणाला इजा? हा प्रश्न मनात आलाच नव्हता. इथे एक बारकावा आहे. हिंसा करायचा हेतू असेल तरच कर्म तामस, असं श्लोक म्हणत नाही. न पाहणं हाच तिथे दोष आहे. मला कुणाचं वाईट करायचं नव्हतं, हे शंभर टक्के खरं. आणि तो बचाव इथे चालत नाही, हेही तितकंच खरं.

आणि आपला वकूब. हे सगळ्यात बोचलं. मी तो पोरगा भेटला तेव्हा विचारलं, "लाईट गेल्यावर मेन स्विच पाडायचा ना रे?" तो म्हणाला, "दादा, तुम्ही जोडलं होतं ना. इंजिनिअरनं जोडलंय म्हणल्यावर बरोबरच आसंल." त्याने माझ्या पदवीवर विश्वास ठेवला. ती पदवी या कामाची नव्हतीच, पण 'मला हे येत नाही' हे वाक्य मी गणपतीत म्हटलं नव्हतं. माझ्या संकोचाची किंमत त्याची बोटं होऊ शकली असती.

तरी मनातला वकील गप्प बसत नाही. त्याने तीन मुद्दे मांडले. तुमच्याही मनात आले असतील.

पहिला: काही झालं तर नाही! बरोबर. पण चार बोटं अंतर राहिलं यात माझं कर्तृत्व शून्य. पोरानं मूठ जरा पुढे धरली असती तर? माझं काम तेच, टेप तीच. माझ्या कर्माची जात लाईट नेमकी कोणत्या मिनिटाला आली यावर ठरत असेल, तर ते कर्म माझं कसलं? भगवंतांनी मोजमाप सुरुवातीलाच लावलंय: आरंभ करताना पाहिलं का? तिथे माझं उत्तर 'नाही' आहे, आणि ते बोटं वाचल्यानं बदलत नाही.

दुसरा: मग काय काम बंद ठेवायचं? हा मुद्दा खोटा नाही. मामांचं पोट त्या मशीनवर आहे. पलंग दोन दिवस उशिरा गेला असता तर लग्नघरचे बोलले असते, कदाचित पैसे कापले असते. पण मधला रस्ता होता. डायरेक्ट करण्यापेक्षा त्याच दिवशी वायरमन शोधता आला असता. त्या दिवशी तो मिळालाच नसता, तर रंध्याचं काम दुसऱ्याच्या मशीनवर करून आणता आलं असतं. किमान त्या पोराला समोर उभं करून सांगता आलं असतं, "हे आता धोक्याचं आहे. लाईट गेली की आधी दांडा खाली, मग हात." मी तेवढंही केलं नाही. मी सूचना दिली ती मामांना, जाता जाता, तीही 'नंतर बदला' एवढीच. पात्यासमोर हात ज्याचा, त्यालाच मी काही सांगितलं नव्हतं.

तिसरा मुद्दा आपल्या भक्तमंडळींचा लाडका: आपण कर्म करायचं, फळाची चिंता सोडायची, बाकी भगवंतांवर. मित्रांनो, इथेच आपली मोठी गल्लत होते. फळ म्हणजे मला मिळणारं: पैसा, मान, आभार. परिणाम म्हणजे दुसऱ्याला भोगावं लागणारं. गीता फळ सोडायला सांगते. परिणामाकडे पाठ फिरवायला कुठेही सांगत नाही, उलट तसं करणाऱ्याला तामस म्हणते. तेही कुठे, तर फळाची इच्छा सोडणाऱ्याला सात्त्विक म्हटल्यानंतर लगेच दोन श्लोकांनी. मी फळ सोडलं होतं आणि त्याच हातानं परिणामही सोडून दिला होता.

कुणी म्हणेल, अर्जुनही पहिल्या अध्यायात परिणामच मोजत होता की. कुळाचा नाश होईल म्हणून त्याने धनुष्य खाली ठेवलं. भगवंतांनी त्याला थांबवलं. हो, पण कसं? 'विचार करू नकोस, बाण सोड' असं म्हणून नाही. त्यांनी सातशे श्लोकांचा संवाद केला, सगळं उघडून दाखवलं आणि शेवटी पूर्ण विचार करून ठरव असं सांगून निर्णय त्याच्याच हाती दिला. डोळे झाकून लढायला लावायचं असतं तर गीता एका ओळीत संपली असती.

आपल्या आयटीवाल्यांसाठी एक गोष्ट. थेरॅक-२५ नावाचं कॅन्सरवर किरणोपचार करणारं यंत्र होतं. त्याच्या आधीच्या मॉडेलांत चुकीच्या वेळी किरण सुटू नयेत म्हणून प्रत्यक्ष हार्डवेअरचे अडसर होते. थेरॅक-२५ मध्ये ते काढून टाकले आणि सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणांचा मारा बसला, काही दगावले. तिथेही कुणाचा हेतू वाईट नव्हता. आपणही शुक्रवारी संध्याकाळी एखादी तपासणी 'तात्पुरती' बंद करून कोड पुढे ढकलतो ना? 'नंतर बघू' अशी कॉमेंट टाकून? तीही काळी टेपच.

कायद्यातही ही अक्कल होती. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २४ मध्ये, चुकून 'बंद'वरून 'चालू'वर जाऊ शकणारा स्विच बंद अवस्थेत पक्का करायची सोय हवी, असं सांगितलं होतं. पण कारखाना म्हणायला कायदा माणसं मोजतो. मामांच्या शेडमध्ये माणसं दोन. तिथे इन्स्पेक्टर येणार नाही. तिथे जी काळजी घ्यायची ती धर्म म्हणूनच घ्यावी लागते.

तर मग दिवाळीत काय केलं? पहिली गोष्ट, मी स्वतः हात लावला नाही. गावातल्या लायसनवाल्या वायरमनला बोलावलं. त्याने मेन स्विच पाडला, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकला. "आता कुणी दांडा वर केला तरी काय व्हत नाय," म्हणाला. टेस्टर आधी चालू असलेल्या पॉइंटवर लावून पाहिला, मग आपल्या वायरींवर, मग पुन्हा चालू पॉइंटवर. मी विचारलं, दोनदा कशाला? "टेस्टरच मेला असंल तर?" रोज वाचन करून मला इतका विवेक आलेला नाही.

जुना स्टार्टर उघडला तेव्हा कळलं की तो छोटा संपर्क भुशानं भरला होता आणि जळून खरवडला होता. म्हणून बोट काढलं की मोटर सुटायची. मोटरवरच्या पाटीवरचे अँपिअर बघून पेठेतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून तेवढ्या ओव्हरलोडचा नवा स्टार्टर आणला. भुसा आत जाऊ नये म्हणून झाकणाची फट बंद केली. अर्थिंग तपासलं. माझं काम काय, तर बॅटरी धरायची आणि स्क्रू हातात द्यायचे. तासाभराचं काम. गणपतीत हेच करता आलं असतं.

मग त्याने एक गोष्ट केली. लाकूड न लावता मशीन चालू केलं आणि चालू असतानाच मेन स्विच पाडला. पातं हळूहळू थांबलं. आम्ही सगळे लांब उभे. त्याने दांडा पुन्हा वर केला.

काहीच झालं नाही. पातं जागच्या जागी. शेडमध्ये शांतता. मला त्या शांततेत जे वाटलं ते खंडेनवमीच्या फोटोला हात जोडताना वाटलं नव्हतं. झेंडूची माळ हवीच, पण मशीनची पूजा त्या दिवशी पूर्ण झाली असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट जास्त अवघड होती. मामा म्हणत होते, "झालं ना आता नीट. त्याला कशाला सांगतोस?" पण मी त्या पोराला बाजूला घेतलं आणि सांगितलं की चूक तुझी नव्हती. मी जोडलेलं धोक्याचं होतं आणि मला ते काम येत नव्हतं. माफ कर. मला वाटलं, तो 'जाऊ द्या दादा' म्हणेल. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग तवा का नाय सांगितलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. कबुली दिली म्हणून माफी मिळतेच असं नाही, आणि माफी मिळावी म्हणून कबुली दिली तर तीही फळाचीच आशा झाली. मी फक्त मान खाली घातली. तो कामाला लागला. काम सुरू करण्याआधी त्याने मेन स्विचकडे एकदा पाहून घेतलं. माझ्यावरचा त्याचा जुना आंधळा विश्वास गेला. गेला ते बरंच झालं.

परत येताना सेनापती बापट आठवले. पारनेरचे. १८८० चा जन्म. इंजिनिअरिंग शिकायला एडिंबरोपर्यंत गेलेला हा माणूस पुढे गावात परतला आणि हातात झाडू घेऊन पारनेरचे रस्ते झाडत असे. शाळेत हे ऐकलं तेव्हा त्यातली नम्रता तेवढी कळली होती. आता दुसरी बाजू दिसते. रस्ता झाडणाऱ्याला फळ काहीच नसतं, झाडलेला रस्ता दुपारपर्यंत पुन्हा मळतो. पण मागून कोण अनवाणी येणार आहे, हे त्याला पाहावंच लागतं. काचेचा तुकडा राहिला तर त्याचं झाडणं व्यर्थ. स्वतःसाठी काही नको आणि मागून येणाऱ्याची काळजी पूर्ण. तेविसावा श्लोक मला आता असा दिसतो.

आजचा अभ्यास: आपण कुठे 'डायरेक्ट' करून ठेवलंय ते आठवा. घरातली उघडी वायर, ऑफिसमधली बंद केलेली तपासणी, नात्यातलं 'नंतर बोलू'. त्यातलं एक आज निवडा. ते आज दुरुस्त करता येत नसेल तर निदान त्या पात्यासमोर ज्याचा हात आहे त्याला आज सांगा. आणि काम आपल्याला येत नसेल तर 'मला येत नाही' हे मोठ्यानं म्हणा. त्यातही भक्ती आहे.

पांडुरंगा, फळ तुझ्याकडेच ठेव. पण डोळे मात्र आमचे उघडे राहू देत.

राम कृष्ण हरी.